खिदिरपूरची ट्राम

गुडगाव,
२ फेब्रुवारी १९९७

श्री. दत्तात्रय निमकर यांना,

वर काय लिहायचं यातच अर्धी सकाळ गेली. एकोणतीस वर्षं तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर ‘तीर्थस्वरूप’ लिहीत आले. आज हात वळेना. ‘श्री.’वर भागवून घ्या.

परवा फोनवर तुम्ही तनयाला विचारलंत, “आईचा मूड ठीक झाला का?” तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. मूड! आणि काल समोरच्या बर्वेवहिनींचा फोन. उत्तराताईंचं बीपी आता कसं आहे, म्हणून. मला बीपी नाही. कधीच नव्हतं. म्हणजे दिल्लीत आपल्या सगळ्या सेक्टरमध्ये तुम्ही सांगत सुटला आहात की कलकत्त्यात उत्तराला ट्राममध्ये चक्कर आली, घाबरून उतरली आणि लेकीकडे निघून आली. तेव्हा काय झालं ते मी एकदा कागदावर लिहून ठेवते. तुमच्या तोंडून ते फार सुधारून बाहेर पडतं.

रिटायरमेंटच्या आधीची ही शेवटची एलटीसी, ऑफिसच्या खर्चानं सहल. कलकत्ता तुम्हीच ठरवलंत आणि ट्रामही तुमच्याच हट्टाची. लहानपणी चांदणी चौकात तुम्ही ट्राममध्ये बसला होतात. “दिल्लीची गेली, आता ही जायच्या आत बसून घेऊ,” हे वाक्य हॉलिडे होममध्ये तुम्ही तीन वेळा म्हणालात. नाश्त्याच्या टेबलावर नागपूरचे हरिदासराव आणि त्यांच्या मिसेस अरुणाबाई भेटल्या. मराठी माणसं भेटली म्हणून आपण चौघं मिळून निघालो. धर्मतल्याहून खिदिरपूरची ट्राम. पुढचा डबा, पंख्यांचा.

मी आनंदात होते हे मुद्दाम लिहिते. लाकडी बाकं शंभर वर्षं माणसं बसून गुळगुळीत झालेली. मी चढताना कंडक्टर ओरडला, “आस्ते, लेडीज!” आणि ट्राम खरंच माझ्यासाठी थांबून राहिली. अरुणाबाई आणि मी पुढे लेडीज सीटवर बसलो, तुम्ही आणि हरिदासराव चार बाकं मागे. मैदान सुरू झालं. दोन्ही बाजूंना गवत, त्यावर शेळ्या, धुक्यातून उतरणारं ऊन. आपण दोघं कधी अशी काही न करता नुसतं बघायला बसलो होतो का, ते मी आठवत होते. अरुणाबाई मला म्हणाल्या, “तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत हो! रेडिओवर असायला हवं होतं तुम्ही.” मी म्हटलं, “एकदा टेस्ट दिली होती. नाही झालं.” सत्तावीस वर्षं हेच सांगत आलेय. सांगताना आता लागतसुद्धा नव्हतं.

त्यांनी मागे वळून तुम्हाला हाक मारली. “निमकर, वहिनी म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या आहेत हं!” आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. ट्राम खडखडत होती. तुम्ही हरिदासरावांना काहीतरी सांगायला लागलात. आवाज चढवूनच बोलावं लागत होतं, म्हणून चढवलात. मला तुटक तुटक ऐकू येत होतं. सत्तर साल. दोनशे बायका. पोळ्या कोण लाटणार.

आणि करंट गेला. ट्राम थांबली, सगळा खडखडाट एका क्षणात बंद झाला. तुमचा आवाज मात्र चढलेला तसाच राहिला. अख्ख्या डब्यानं ऐकलं:

“परस्पर नकार कळवून टाकला! सहीसुद्धा मीच ठोकली. बायकोला आजतागायत पत्ता नाही!”

बंगाल्यांना कळलं नाही. हरिदासराव हसले. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ते चष्मा पुसायला लागले. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय? “अगं, गंमत सांगत होतो. जुनी गोष्ट आहे.”

मी उतरले. कंडक्टर म्हणाला, “माईजी, करेंट आभी आयेगा.” मी गवतात जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं ट्राम तिथंच होती. पाच मिनिटं! तुम्ही उठला नाहीत. मग करंट आला आणि ट्राम हलली. खिडकीच्या पट्ट्यांमधून तुमचा हात बाहेर आला, ‘चल, चल’ करत. ट्राम माणसाच्या चालीनं जात होती. शेळीसुद्धा तिच्या पुढे गेली असती. उतरायला एक पाऊल पुरलं असतं. पण तुम्ही तिकीट खिदिरपूरपर्यंतचं काढलं होतं.

मी टॅक्सीनं परत आले, बॅग भरली, हावडा गाठलं. लेडीज वेटिंग रूममध्ये संध्याकाळपर्यंत बसले. कालका मेलच्या टीटीनं बर्थ दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटीनं एवढा प्रवास केला. त्याबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही, गाडी वेळेवर पोचली.

तुम्ही मात्र पाच दिवसांनी, ठरल्या तारखेलाच परत आलात. हरिदासरावांबरोबर बेलूर मठसुद्धा बघितलात म्हणे. कसा होता?

उत्तरा


गुडगाव,
१७ फेब्रुवारी १९९७

श्री. निमकर,

मानसबरोबर पाठवलेली चिठ्ठी मिळाली. जावई झाला तरी पोरगाच तो. बिचारा पाकीट टेबलावर ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

तुमचं पत्र चार ओळींचं आहे, तेव्हा परत लिहून दाखवते. ‘उत्तरा, जुन्या गोष्टी उकरून काढण्यात अर्थ नाही. सोबत सोसायटीचे फॉर्म आहेत. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्यामुळे तुझी सही लागते. पेन्सिलीनं दोन ठिकाणी फुली केली आहे. उशीर नको.’

फॉर्म कोरेच परत पाठवते आहे. सही तुम्हाला येते.

इथं गुडगावात फ्लॅट घ्यायचा हेसुद्धा मला बुकिंग झाल्यावर कळलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, तनयाजवळ राहू. आता आठवतंय की त्या बुकिंगच्या कागदावरही माझी सही असणार. मी केल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतंय?

तनयाला मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती रोज ऑफिसमधून आल्या आल्या विचारायची, “आई, यू हॅव टू टॉक टू हिम. झालं काय नक्की?” मी म्हटलं, तुझ्या बाबांनी माझ्या नोकरीला परस्पर नकार कळवला. ती म्हणाली, “परस्पर म्हणजे? एकमेकांना?” आपण दिल्लीत वाढवलेली मुलगी. तिला हा शब्द फक्त हिंदीतला माहीत. मी म्हटलं, नाही. मराठीत परस्पर म्हणजे ज्याची गोष्ट त्याला न विचारता, त्याला वगळून. तिनं तो शब्द पुन्हा म्हणून बघितला. मग म्हणाली, “असा एक पूर्ण शब्द आहे मराठीत?”

आहे. आणि तुम्ही ट्राममध्ये तोच वापरलात. शब्दाची निवड अचूक होती हे मान्य करते.

जून-जुलै सत्तर. मला तिसरा महिना होता. सारख्या उलट्या. सेक्टर चारच्या त्या क्वार्टरमध्ये दुपारी पोस्टमन यायचा, तेव्हा मी पडलेली असायची, म्हणून टपाल संध्याकाळी तुम्हीच पेटीतून काढायचात. रोज विचारायची मी, “आलं का काही?” तुम्ही बूट काढता काढता म्हणायचात, “काही नाही.” एकदा मी रडले. तेव्हा तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, “अगं, दिल्लीत वशिल्याशिवाय काही होत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.” तेव्हा पत्र येऊन गेलं होतं का? उत्तर लिहून झालं होतं? हात फिरवताना शाई वाळली होती की नाही, एवढं मला कळायला हवं.

तो वशिला माझ्या डोक्यात तुम्ही घातलात. आणि मी तो घेऊन सुनेत्राकडे गेले.

सुनेत्रा देवस्थळी. टेस्टला आम्ही बरोबर होतो, एका बाकावर बसून पेपर मोठ्यानं वाचून घेतले होते. ऑगस्टमध्ये सकाळच्या मराठी बातम्यांना तिचा आवाज आला, तेव्हा माझ्या हातातून कणकेचं ताट पडलं. गणपतीत मंडळात भेटली तेव्हा सगळ्या बायकांसमोर मी तिला विचारलं, “कुणाचा वशिला लावलास?” ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. पंचवीस वर्षं तिचा आवाज रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि मी तो बंद करायची. तुम्ही दाढी करता करता म्हणायचात, “राहू दे की, बातम्या आहेत.”

तुम्हाला माहीत होतं. दाढी करताना तुम्हाला माहीत होतं.

आणि बाबा. सोलापूरच्या शाळेतले बळवंत मास्तर. ज्यांनी मला सहाव्या वर्षापासून दारातल्या पायरीवर उभं करून धडे वाचायला लावले, शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे म्हणून. त्यांनी त्या उन्हाळ्यात मुद्दाम नवा रेडिओ घेतला होता. त्यांना काय कळवलं मी? नापास झाले.

फॉर्मवर पेन्सिलीच्या फुल्या छान आल्या आहेत.

उत्तरा


गुडगाव,
९ मार्च १९९७

श्री. निमकर,

काल मी करोल बागेत सुनेत्राकडे जाऊन आले. तुम्हाला कळवायचं काही कारण नाही, पण गोष्टीत तुमचंही काम आहे, म्हणून लिहिते.

तिचा पत्ता मंडळाच्या जुन्या वहीत होता. दुसरा मजला, खाली साड्यांचं दुकान. चढताना मी दोनदा परत फिरले. दार तिनंच उघडलं. केस सगळे पांढरे, गुडघ्याला पट्टा. एवढ्या वर्षांनी मी पुढ्यात, आणि ती म्हणाली, “ये. दार लावून घे, खालच्या दुकानाची धूळ येते.”

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ट्राम, नकार, सही. मला वाटलं ती खुर्ची धरून बसेल, डोळे मोठे करेल. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, “नकार आला हे मला माहीत होतं. तो तुझा नव्हता हे माहीत नव्हतं.”

“म्हणजे?”

“तुझं नाव यादीत पहिलं होतं, उत्तरा. मी वेटिंगवर होते. तू नाही म्हणालीस म्हणून मला बोलावलं. मी जॉइन व्हायच्या आधी तुझ्या घरी आले होते. म्हटलं, एकदा तोंडानं विचारते, ही वेडी का नाही म्हणतेय. दत्तात्रयांनी दार उघडलं.”

आलं का आठवून? पुढचंही तिनं शब्द न शब्द सांगितलं. पंचवीस वर्षं वाचून तिची स्मरणशक्ती पक्की झाली आहे. तुम्ही म्हणालात, “तिचीच इच्छा नाही. दिवस अवघड आहेत. तुम्ही विषय काढला तर उगाच रडेल. माझं ऐका, काढू नका.” मी आत होते. पडद्याच्या पलीकडे, पलंगावर. आवाज ऐकून मी विचारलंही असेन, कोण आलंय. तुम्ही काय सांगितलंत मला? इस्त्रीवाला?

मी सुनेत्राला म्हटलं, “मग मी वशिला म्हणाले तेव्हा तू गप्प का बसलीस? थोबाडीत का नाही दिलीस?”

ती म्हणाली, “मला वाटलं, तुला पश्चात्ताप होतोय. नाही म्हणाल्याचा. आणि तुझ्या जागेवर मी बसलेय ते खरंच होतं. मग काय बोलणार?”

माझ्याच जागेवर बसली म्हणून ती पंचवीस वर्षं माझ्यासमोर खाली मान घालून होती, आणि मी मान वर करून तिच्यासमोरून जात होते. हे तुम्ही केलंत. एका पोस्टाच्या पाकिटात.

मग मी तिला विचारलं, कसं होतं ते काम. नको होतं विचारायला. तिनं सांगितलं. थंडीत पहाटे गाडी घ्यायला यायची. स्टुडिओत कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पानं कशी सरकवायची. शेवटचं पान भाषांतर होऊन यायच्या आत पहिलं वाचायला घ्यावं लागायचं. एकदा बातमी वाचता वाचता शिंक आली तेव्हा तिनं मांडीला चिमटा काढून ती कशी दाबली. म्हणाली, “कॉन्ट्रॅक्टवरचं काम होतं गं. कुणी पूजा केली नाही माझी.” आणि थोड्या वेळानं म्हणाली, “पण काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुझ्या समाधानासाठीसुद्धा नाही.”

दोन तास ऐकलं. प्रत्येक गोष्ट अंगावर ओरखडा काढल्यासारखी गेली. निघताना तिनं मला पिशवीत कोथिंबिरीच्या वड्या घालून दिल्या. बसमध्ये त्या मांडीवर घेऊन बसले होते आणि मला एवढा राग आला होता की धौलाकुआँ कधी गेलं ते कळलं नाही.

उत्तरा


गुडगाव,
१ एप्रिल १९९७

श्री. निमकर,

रविवारी तुम्ही इथं येऊन गेलात. घडलेलं तुमच्याचसमोर घडलं, मग लिहायचं कशाला? कारण सोमवारपर्यंत तुमच्या डोक्यात त्याची वेगळी गोष्ट तयार झाली असणार, याची मला खात्री आहे.

लाइट गेले होते, बिल्डिंगच्या जनरेटरवर लिफ्ट चालत नव्हती. पाच मजले चढून आलात. हातात संत्र्यांची पिशवी. धाप लागली होती. तनया पाणी घेऊन धावली. तुम्ही सोफ्यावर बसून खिडकीबाहेर बघत म्हणालात, “इकडे काय कन्स्ट्रक्शन चाललंय! दहा वर्षांत ओळखू येणार नाही.” मानस म्हणाला, “बिल्कुल, बाबा.” अर्धा तास गुडगावच्या रस्त्यांवर गेला.

मी म्हटलं, “ट्राममध्ये हरिदासरावांना सांगितलंत ती गोष्ट या दोघांना सांगा.”

“उत्तरा, पोरांसमोर कशाला?”

“परक्या माणसाला सांगितलीत. ही तर घरची आहेत. तशीच सांगा, हसून.”

तुम्ही सुरुवात केलीत. टेस्टला दोनशे बायका. माझ्या हाती पत्र. ‘पोळ्या कोण लाटणार’ इथं मानस हसला, सवयीनं, आणि तनयाकडे बघून थांबला. तुम्ही ‘परस्पर’पर्यंत आलात आणि तिथं अडकलात. तनयानंच विचारलं, “बाबा, तुम्ही आईचं साइन केलंत? हाताने? बसून?”

“हो.”

“प्रॅक्टिस केलीत?”

तुम्ही संत्रं सोलायला घेतलंत. तेव्हा मला कळलं की केली होती.

मग तुम्ही खरं बोललात. ते मी मान्य करते आणि इथं नोंदवते. म्हणालात, “आमचे नरसिंहसाहेब रोज मराठी बातम्या ऐकायचे. ऑफिसात येऊन त्यावर बोलायचे. मी असिस्टंट. मला वाटलं, उद्या हे म्हणतील, निमकर, आज तुमच्या मिसेसनी काय वाचलं! अख्ख्या सेक्टरनं तिला आवाजावरून ओळखलं असतं. आणि मी कोण? ती घरी पेपर मोठ्यानं वाचायची ना, तनया, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत थांबायचो. मला आत यायला लाज वाटायची. घर तिचं आहे असं वाटायचं.”

पोळ्यांचं काहीच नव्हतं तर. पोळ्या ही नंतर घातलेली गंमत.

“तनया झाल्यावर सांगणार होतो,” तुम्ही म्हणालात. “मग ती शाळेत गेल्यावर. मग वाटलं आता काय उपयोग. आणि मग...”

“मग ती मजेची गोष्ट झाली,” मी म्हटलं. “हरिदासराव कितवे?”

तुम्ही संत्र्याची सालं गोळा करायला लागलात.

“किती जणांना सांगितलीय?”

तुम्ही खरंच आठवायला लागलात. ऑफिसात दोघा-तिघांना. पत्त्यांच्या ग्रुपमध्ये. शशिकांतभावजींना. बर्वेंना.

बर्वेंना! म्हणजे बर्वेवहिनींना. म्हणजे ज्या बाईबरोबर मी वीस वर्षं गच्चीत पापड वाळवले, तिला माझं आयुष्य माझ्याआधी माहीत होतं. मी “नापास झाले” म्हणायची तेव्हा ती मान हलवायची. कशी हलवायची ते आता मला दिसतं.

तेव्हा मी ओरडले. शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं एवढ्यानं ओरडले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, तुम्हाला विसरता येणार नाही. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तनया लगेच उठून तुमच्याशेजारी जाऊन बसली, पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे कुणी आलं नाही. मी रडत नव्हते ना.

जाताना तुम्ही दारात विचारलंत, “मग आता मी काय करू?” एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला हा प्रश्न विचारलात आणि तोही चपला घालता घालता. त्याचाही राग आला.

संत्री आंबट निघाली.

उत्तरा


गुडगाव,
१९ मे १९९७

श्री. दत्तात्रय निमकर यांना,

तुमची तीन पत्रं आली. शेवटचं सात पानी. वाचलं. खोडलेल्या ओळीसुद्धा उजेडात धरून वाचल्या. माफी मागितलीत ती दिसली. मी ती घेतली की नाही ते मला अजून माहीत नाही, तेव्हा विचारू नका.

आज मला एक सांगायचं आहे. चार महिने मी तुम्हाला पत्रं लिहितेय आणि प्रत्येक पत्रात एक गोष्ट शिताफीनं टाळतेय. तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करताना मला ती रोज आठवायची.

सत्याहत्तरमध्ये पुन्हा जाहिरात आली होती. तीच जागा, तीच टेस्ट. बाबांनी सोलापूरच्या पेपरातून कापून पाठवली. कात्रणावर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पुन्हा बस.’ तनया सहा वर्षांची होती, शाळेत जायची. सकाळ मोकळी. तुम्हाला मी ते कात्रण दाखवलंच नाही. म्हणजे तुम्ही अडवलं असतं की नाही, हे कुणालाच कळणार नाही.

मी अर्ज केला नाही. भीती वाटली. एकदा नापास झाले होते ना. सुनेत्रा तिथं बसलेली असेल, मला बघेल, आणि मी दुसऱ्यांदा पडेन. कात्रण साडीच्या घडीत ठेवून दिलं. मुदत गेली. आणि बाबांना लिहिलं, बसले होते, पुन्हा नाही झालं.

त्यांचं उत्तर आलं, ‘त्यांना कान नाहीत.’ तीन शब्दांच्या वर त्यांनी काही लिहिलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. आपली मुलगी दोनदा नापास झाली असं समजून गेले. पहिली वेळ तुमची, दुसरी माझी.

खूश होऊ नका. सांगते आहे ते तुमचं ओझं हलकं करायला नाही. पहिल्या वेळेला पास झाले होते हे मला माहीत असतं, तर दुसऱ्या वेळी मी धावत गेले असते, पोरगी कडेवर घेऊन गेले असते. मला भित्री तुम्ही केलंत. पण भ्यायले मी, आणि बाबांशी खोटं बोलले तीही मीच. त्याच्यासाठी मला दुसऱ्या कुणावर ओरडता येत नाही. हे कळायला लागल्यापासून तुमच्यावर ओरडण्याची मजाही जरा गेली आहे.

आता कामाचं.

फॉर्मवर मी सह्या केल्या आहेत. सोबत जोडते. नीट बघून घ्या, अशी असते माझी सही, ‘त्त’चा पाय लांब जातो. क्वार्टर तुम्हाला सोडावंच लागणार, आणि म्हातारपणी तुम्हाला छप्पर नको असं मला वाटत नाही. फ्लॅट चांगला आहे म्हणतात. लिफ्ट आहे, तनया जवळ आहे. तुम्ही तिथं राहा.

मी राहणार नाही. एक जूनपासून मी करोल बागेत सुनेत्राकडे जाते आहे. तिची मागची खोली रिकामी आहे. तिला गुडघ्यामुळे जिने होत नाहीत, मला होतात. आम्ही दोघी गळ्यात गळे घालून राहू असा समज करून घेऊ नका. राहायला जायच्या आधीच रेडिओ किती मोठा लावायचा यावरून भांडलो आहोत. शनिवारी ती मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी वाचायला शिकवते. मलाही बसवलं. अकरा मुलं, सगळी दिल्लीत जन्मलेली. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात. मी त्यांना दारापाशी उभं करते आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. इशिता नावाची एक आहे, तिचा आवाज पोचतो. बाकीच्यांवर मी ओरडते. हे रेडिओच्या बदल्यात मिळालं असं कुणी म्हटलं तर मी त्याच्यावरही ओरडेन. बदल्यात काही मिळत नसतं.

एकतीस तारखेला तुमचा ऑफिसातला निरोप समारंभ. मी येणार नाही. माझी खुर्ची मांडू देऊ नका. आणि भाषणात ‘पत्नीच्या साथीमुळे’ वगैरे म्हणू नका. त्याऐवजी काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझी लोखंडी ट्रंक, शिवणाचं मशीन आणि बाबांचा फोटो तेवढा आणून द्या. टेम्पो करा, मानसला राबवू नका. दुपारी या, सकाळी सुनेत्राचा व्यायाम असतो. दुसरा मजला. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, जपून चढा.

वर आल्यावर बेल वाजवा आणि थांबा. मी आतून विचारीन, “कोण?” एकोणतीस वर्षं तुम्ही बाहेरून ‘मी’ म्हणत आलात आणि मी दार उघडत आले. आता ‘मी’ म्हणू नका. नाव सांगा.

उत्तरा